रात्री झोप लागत नसेल तर रंपोल वाचा

सांजवात

मंडळी, गेल्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पुढच्या अकरा रात्री मी तिच्या खाटेशेजारच्या बाकड्यावर काढल्या. दवाखान्यातली रात्र कशी असते ते ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. दहाला मोठे दिवे बंद होतात. मग कुणाचं तरी सलाईन संपतं, कुणाची तरी चप्पल कॉरिडॉरभर वाजत जाते, आणि आपण घड्याळ बघतो तर जेमतेम साडेअकरा झालेले असतात. मोबाईल बघवत नाही, गंभीर काही वाचवत नाही. घरून निघताना पिशवीत एक जाडजूड पुस्तक टाकलं होतं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातून उचललेलं आणि तीन वर्षं न उघडलेलं. जॉन मॉर्टिमर यांच्या रंपोलच्या गोष्टी. त्या अकरा रात्री मला या रंपोलने सांभाळलं. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. होरेस रंपोल हा लंडनच्या ओल्ड बेलीत, म्हणजे तिथल्या मोठ्या फौजदारी कोर्टात, उभा राहणारा बॅरिस्टर. सत्तरीला टेकलेला, पोट सुटलेलं, जाकिटावर चिरुटाची राख सांडलेली, डोक्यावर वकिलांचा तो केसांचा जुनाट टोप. बरोबरीचे लोक क्यू.सी., म्हणजे वरच्या मानाचे वकील, झाले, न्यायाधीश होऊन वर बसले, हा मात्र खालीच उभा आहे. फिर्यादी पक्षातर्फे खटला चालवायचा नाही (आयुष्यात एकदाच तो हा नियम मोडतो) आणि अशिलाला गुन्हा कबूल करायचा सल्ला द्यायचा नाही, ही त्याची दोन व्रतं. रक्ताचे डाग आणि टाइपरायटरची अक्षरं या दोन विषयांत त्याचा हात धरणारा कुणी नाही. घरी बायको हिल्डा. कोर्टातून सुटला की पॉमेरॉयच्या गुत्त्यात बसून स्वस्तातली लाल वाईन प्यायची, तिला त्याने ‘शातो थेम्स एम्बँकमेंट’ असं भारदस्त नाव दिलंय. आणि तोंडात सदैव कविता, बहुतेक वेळा वर्ड्‌स्वर्थ.

त्याचे हक्काचे अशील म्हणजे दक्षिण लंडनमधलं टिमसन घराणं. पिढीजात चोर. घरफोडी, चोरीचा माल घेणं, फार तर तिजोरी फोडणं. मारहाणीच्या वाटेला जात नाहीत. पहिल्याच गोष्टीत या घराण्यातल्या सोळा वर्षांच्या पोरावर ओल्ड बेलीत खटला उभा राहतो, आणि घरच्यांचा एकंदर थाट असा की जणू पोराची मुंज लागते आहे! वॉर्डात मी तोंडावर ओढणी धरून हसले. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, ‘काय गं, काय झालं?’ मी त्यांना तिथल्या तिथे मराठीत ती गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनीच विचारलं, ‘तुझ्या त्या वकिलाचं पुढे काय?’

मला वाटतं, या गोष्टींत धीर देणारं काही असेल तर ते हे: रंपोल प्रत्येक वेळी जिंकत नाही. कधी हरतो, कधी जिंकूनही हाती काही लागत नाही, मोठ्या पदावर त्याचं नाव कधीच लागत नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी टोप घालून तो परत कुणातरी किरकोळ माणसासाठी उभा राहतो. ऑपरेशननंतरच्या चौथ्या रात्री, आईला ताप चढलेला असताना, मला चतुर गुप्तहेर नको होता. रोज उठून कामाला जाणारा हा म्हातारा हवा होता.

तुम्हाला असा आधार कुठल्या कोर्टकथांनी दिलाय? सांगा.

खडीसाखर

सांजवातताई, आई आता कशा आहेत? धागा वाचताना डोळे भरून आले.

मी पेरी मेसनवर वाढले. बाबांनी अर्ल स्टॅन्ले गार्डनरची पुस्तकं लायब्ररीतून आणायची आणि मी ती लपून वाचायची. पहिलं १९३३ चं, आणि पुढे ऐंशीहून जास्त. मराठीत सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास होताच. आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत त्या पुस्तकांची पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती. पण तुमचं वाचून आज पहिल्यांदा लक्षात आलं की तो आनंद वेगळा होता. मेसन भर कोर्टात खऱ्या गुन्हेगाराचं तोंड उघडतो, आपण टाळी वाजवतो आणि पुस्तक मिटतो. मेसनच्या घरी काय शिजलं, त्याला कोण रागावलं, काही कळत नाही. रंपोलचं घर कळतं. त्याच्या कचेरीत कोण कुणावर रुसलंय ते कळतं. अंकल टॉम म्हणून एक म्हातारे वकील आहेत, त्यांना वर्षानुवर्षं एक काम मिळालेलं नाही, आणि ते कारकुनांच्या खोलीत गोल्फची काठी घेऊन चेंडू ढकलत असतात. खटला कुठलाही असो, ते तिथे असतातच. आजोळी गेल्यावर ओटीवर जे आजोबा कायम बसलेले असायचे ना, तसं वाटतं मला ते.

काळाकोट

एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आहे. या धाग्यावर लिहिणं भागच आहे.

मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर होते. जन्म १९२३, सनद १९४८ ची, १९६६ मध्ये क्यू.सी., निधन २००९. वडील क्लिफर्ड मॉर्टिमरही बॅरिस्टर, घटस्फोटाचे खटले चालवायचे. मध्येच त्यांची दृष्टी गेली, पण वकिली सुटली नाही. आई रोज त्यांच्याबरोबर आगगाडीने लंडनला जायची आणि डब्यात त्यांना त्या दिवशीचे कागद मोठ्याने वाचून दाखवायची. कोण कुणाबरोबर कुठल्या हॉटेलात सापडलं हे एक सभ्य बाई खणखणीत आवाजात वाचते आहे आणि अख्खा डबा चिडीचूप ऐकतो आहे, असं दृश्य मुलाने लिहून ठेवलंय. ज्या पोराने हे पाहिलं त्याच्या लेखणीतून रंपोल उतरणारच. कोर्टातलं दुःख आणि कोर्टातलं हसू एकाच कागदावर असतं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

आता रंपोलच्या त्या व्रतांमागच्या तत्त्वाबद्दल. तो ज्याला ‘सोन्याचा धागा’ म्हणतो तो खराखुरा निकाल आहे. १९३४ च्या डिसेंबरात डॉर्सेटमधल्या रेजिनाल्ड वुलमिंग्टन या २१ वर्षांच्या शेतमजुराच्या बंदुकीतून गोळी सुटली आणि त्याची बायको मेली. तिला परत घरी आणायला तो गेला होता. ती आली नाही तर स्वतःला गोळी घालीन असं धमकावण्यासाठी बंदूक नेली होती, आणि ती चुकून उडाली, हे त्याचं म्हणणं. खालच्या न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं की गोळी याच्या हातून सुटली एवढं सिद्ध झालं, आता खून नव्हता हे यानेच दाखवावं. फाशीची शिक्षा झाली. १९३५ मध्ये तिथलं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने ती रद्द केली. लॉर्ड सँकी यांनी लिहिलं ते असं: इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या विणीतून एक सोन्याचा धागा सतत गेलेला दिसतो, आरोपीचा गुन्हा सिद्ध करणं हे फिर्यादी पक्षाचं काम. आम्ही हा निकाल कॉलेजात पाठ केला. त्याचा अर्थ मला रंपोल वाचताना पोचला, कारण तिथे त्या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला टिमसनांचं पोर उभं असतं.

आणखी एक. अशिलाने वकिलाला ‘मी केलंय’ असं सांगून टाकलं की त्याने केलं नाही असं कोर्टापुढे मांडता येत नाही. एका गोष्टीत गांजाच्या खटल्यातली एक तरुण मुलगी आहे. रंपोलचा तिच्यावर जीव जडतो, बचाव उत्तम उभा राहिलेला असतो, आणि ऐन वेळी ती विश्वासाने त्याला खरं सांगते. झालं, त्याचे हात बांधले गेले. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. माझ्याकडेही अशी एक मुलगी आली होती. वेगळा खटला, वेगळं गाव. ‘तुम्ही चांगले आहात म्हणून खरं सांगते’ असं म्हणाली होती.

पानगळ

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडते. मला कोर्टावर हसता येत नाही.

आमचा जमिनीचा दावा मी सातवीत असताना लागला. आज माझी मुलगी सातवीत आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात बाबा पेपर अंथरून बसायचे, बरोबर डबा असायचा. पुकारा होईल म्हणून पाणी प्यायलाही उठायचे नाहीत. चारला कळायचं की आज साहेब रजेवर. पुढची तारीख. बाबा गेले, आता नाव माझं लागलंय. ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांनी खुशाल कोर्टाच्या गमतीजमती वाचाव्यात. मला तो व्हरांडा दिसतो.

सांजवात

पानगळ, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या आजोबांच्या वाड्याच्या वाटणीचा दावा चौदा वर्षं चालू आहे, त्यामुळे मला तो व्हरांडा ठाऊक आहे. आईच्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशीच तारीख होती. मी गेले नाही, वकिलांनी मुदत मागितली.

तरीसुद्धा मला या गोष्टी आवडतात, आणि त्याचं कारण या दाव्यातच आहे. आमच्या कोर्टात कुणी माझ्याकडे बघत नाही. फाईल पुढे सरकते, कागदावर आकडा पडतो, मी मागे उभी. रंपोलच्या गोष्टीत हसं होतं ते कायम वर बसलेल्याचं. बुलिंगहॅम नावाचे एक न्यायाधीश आहेत, रंपोल त्यांना पिसाळलेला बैल म्हणतो. आरोपी दिसला रे दिसला की त्यांच्या मानेचा रंग बदलतो. त्यांच्यापुढे रंपोल इतक्या अदबीने वाकतो की ज्युरीतल्या शेवटच्या माणसालाही कळतं, हे न्यायाधीश पक्षपात करत आहेत. पिंजऱ्यातल्या माणसाला मात्र मॉर्टिमर कधी हास्यास्पद करत नाहीत. त्याला नाव असतं, आई असते, आवडीनिवडी असतात, आणि त्या खोलीत निदान एकजण त्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकतो. आमच्या बाबतीत जे झालं नाही ते तिथे होताना बघायला मिळतं. त्याने माझी तारीख पुढे सरकत नाही, पण रात्री झोप लागते.

एक गोष्ट सुचवू का? एका पाद्र्यावर दुकानात शर्ट चोरल्याचा आळ आहे. मोठ्या दुकानातला सेल, गर्दी, आणि शर्ट त्याच्या पिशवीत सापडले. माणूस गोड आहे, सारखे विनोद सांगतो, आणि त्या शर्टांबद्दल चकार शब्द काढत नाही. खून नाही, मारामारी नाही, नुसते शर्ट. तरी मी श्वास रोखून वाचत होते. शेवट सांगत नाही. जमलं तर एवढी एकच वाचून बघा.

थेम्सकाठ

मूळचा चिपळूणचा, आता अठरा वर्षं लंडनला. ओल्ड बेली माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर. सांजवातताईंचा धागा वाचून काल जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम तिकडून गेलो, म्हणून ताजं ताजं लिहितो.

सध्याची इमारत १९०७ मध्ये उघडली. त्याआधी त्या जागी न्यूगेटचा कुप्रसिद्ध तुरुंग होता. घुमटावर न्यायदेवता आहे, एका हातात तलवार, दुसऱ्यात तराजू. आपल्याकडच्या चित्रांत तिच्या डोळ्यांवर पट्टी असते, इथल्या देवतेच्या डोळ्यांवर नाही. ती उघड्या डोळ्यांनी बघते आहे. आणि मोठ्या दारावर दगडात कोरलेलं वाक्य आहे, त्याचा अर्थ: गरिबांच्या लेकरांचं रक्षण करा आणि दुष्कृत्य करणाऱ्याला शासन करा. काल ते वाक्य दोनदा वाचलं. पूर्वी शंभर वेळा त्याच्याखालून गेलोय, कधी मान वर केली नव्हती. रंपोल त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागासाठी जगला असं वाटलं.

खटला बघायला कुणीही जाऊ शकतं. मोबाईल, पिशवी काहीही आत नेता येत नाही आणि ठेवून घ्यायची सोयही नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जवळच्या एका दुकानात पैसे देऊन मोबाईल ठेवला होता. अरुंद जिन्याने वर चढायचं, लाकडी बाकांवर बसायचं. टोप खरोखर घालतात. आरोपी काचेच्या मागे होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. सरकारी वकील अर्धा तास नुसते वेळा वाचत होते, किती वाजून किती मिनिटांनी कुठला फोन कुठल्या टॉवरला लागला. ज्युरीतले बारा जण वहीत टिपून घेत होते. विनोद असा काहीच घडला नाही. पण मधल्या सुट्टीत दोन्ही बाजूंचे वकील बाहेर येऊन एकमेकांना मुलांच्या शाळेबद्दल विचारत होते, तेव्हा मॉर्टिमर कुठून लिहितात ते कळलं.

संध्याकाळी टेंपल भागातून चाललात तर गॅसचे दिवे अजून लागतात. रंपोलची ‘थ्री, इक्विटी कोर्ट’ ही कचेरी काल्पनिक आहे, पण तिथल्या कुठल्याही जिन्यापाशी वकिलांच्या नावांची रंगवलेली पाटी दिसते आणि नजर आपोआप रंपोलचं नाव शोधते.

मृगनक्षत्र

सगळं खरं, पण हिल्डाचं काय? ‘जिची आज्ञा मोडायची नाही ती’ असं बायकोचं नाव ठेवायचं (ते त्याने रायडर हॅगार्डच्या १८८७ च्या कादंबरीतून घेतलंय) आणि मग गोष्टीगणिक तिच्यापासून लपून गुत्त्यात बसायचं. माझ्या आईने अशी चाळीस वर्षं काढली आहेत. बाबा गप्पिष्ट, मित्रांत लाडके, आणि घरी कामाची यादी करणारी आई कजाग ठरलेली. मला या गोष्टी वाचताना हिल्डाच्या बाजूने वकील उभा करावासा वाटतो.

खडीसाखर

मृगनक्षत्र, हे अगदी पटलं, आणि मलाही टोचतं. पण एक सांगते. हिल्डाचे वडील त्या कचेरीचे प्रमुख होते. आपला नवरा त्यांच्या खुर्चीत बसेल या आशेवर ती जगली, आणि पहिल्याच गोष्टीत ती खुर्ची दुसऱ्याला मिळते. तिचा राग तिथून सुरू होतो. कायदा तिलाही येत होता, फक्त तो वापरायला दार नव्हतं. मॉर्टिमरनाही ते उशिरा का होईना जाणवलं असावं. २००६ च्या पुस्तकात हिल्डा स्वतःच्या आठवणी लिहायला बसते आणि काही प्रकरणं तिच्या तोंडची आहेत. आणि फिलिडा ट्रँट आहे ना! रंपोल तिला शेक्सपिअरच्या नाटकातल्या वकीलबाईवरून पोर्शिया म्हणतो. नवशिकी म्हणून येते, पुढे क्यू.सी. होते. तिच्या नवऱ्याला, क्लॉडला, वाग्नरच्या ऑपेरांचं वेड, म्हणून मुलांची नावं ट्रिस्टन आणि इझोल्डा. ती नावं रोज हाक मारताना तिच्या जिभेवर कशी येत असतील, असं मनात येतं.

मृगनक्षत्र

हिल्डाच्या आठवणींचं माहीत नव्हतं. ते पुस्तक आधी शोधते.

बोरकूट

रंपोल आवडला त्यांनी सारा कॉडवेल वाचाच. चारच कादंबऱ्या, पहिली १९८१ ची, शेवटची २००० ची, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. त्याही बॅरिस्टर, पण फौजदारीतल्या नव्हेत. त्यांचे तरुण वकील लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या वसाहतीत ट्रस्ट आणि कर यांचं काम करतात. पहिल्या कादंबरीत जुलिया नावाची वकीलबाई आहे. करकायद्यात निष्णात, आणि स्वतःचाच कर थकलेला. त्या कटकटीपासून चार दिवस सुटका म्हणून ती व्हेनिसला सहलीला जाते आणि तिथे तिच्यावर खुनाचा आळ येतो. मेलेला माणूस कोण, तर करखात्याचा! प्रेताजवळ काय सापडतं, तर जुलियाची स्वतःची, नाव घातलेली, त्या वर्षीच्या वित्त कायद्याची प्रत. खून व्हेनिसला झालाय आणि तिचे मित्र लंडनला गुत्त्यात बसून तिची पत्रं मोठ्याने वाचत रहस्य उलगडत आहेत. निवेदक आहेत हिलरी टेमर, ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा इतिहास शिकवणारे. किंवा शिकवणाऱ्या. चारही पुस्तकं संपली तरी ते बाई की बुवा हे लेखिका कळू देत नाही. मराठीत हे भाषांतरित करायला बसलं तर पहिल्याच वाक्यातल्या क्रियापदाला अडायला होईल. मी बसलो होतो, म्हणून सांगतो. ‘मी म्हणालो’ लिहू की ‘मी म्हणाले’? तीन रविवार त्यात गेले. शेवटी सगळं वर्तमानकाळात आणि ‘माझ्या लक्षात येतं’, ‘मला वाटतं’ अशा वाक्यांत बसवून बघितलं. बारा पानं जमली आहेत. पुढे सुरू ठेवणार आहे.

रहस्य नको, नुसतं कोर्टातलं हसू हवं असेल तर ए. पी. हर्बर्ट. त्यांचा हॅडॉक करखात्याला ५७ पौंडांचा चेक देतो, तो लिहिलेला असतो गाईच्या अंगावर. गाय चेक म्हणून चालते का, यावर दोन्ही बाजूंचा गंभीर युक्तिवाद होतो. ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात येणाऱ्या त्या लेखमालेतले काल्पनिक निकाल लोकांनी खरे समजून पुढे सांगितले आहेत.

काळाकोट

बोरकूटराव, बारा पानं इथे टाका. मी पहिला वाचक.

मला एक खंत वाटते, ती इथे लिहितो. मराठीत हे का नाही? कोर्ट आपल्याकडे भरपूर आहे. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आलं, फिरता रंगमंच, प्रभाकर पणशीकर एकापाठोपाठ एक सोंगं बदलत आहेत, लखोबा लोखंडे स्वतःचा खटला स्वतः लढवतोय आणि प्रेक्षागृह खो खो हसतंय. पण ते हसू घरी नेता येत नाही. ज्यांना त्याने फसवलं त्या बायका एकेक करून साक्षीला उभ्या राहतात आणि आपण मघाशी कुणाबरोबर हसत होतो ते आठवून घसा कोरडा पडतो. थोर नाटक, मी चार वेळा पाहिलं. पण आजारपणात उशाशी ठेवायचं ते नव्हे. अमर विश्वास वेगवान आहे, खुसखुशीत नाही.

कुणी म्हणेल, ज्युरी नाही म्हणून आपल्याकडे नाट्य नाही. रंपोलचं सगळं बोलणं त्या बारा सामान्य माणसांना उद्देशून असतं हे खरंच. आपल्याकडे १९५९ मध्ये नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि तिथे शिक्षा झाली. पुढे ज्युरी गेलीच. पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही. या, एक दिवस आमच्या तालुका कोर्टात बसा. सकाळी साडेदहाला पिंपळाखाली टाइपिंगवाले कापडाची झूल काढतात. अजून दोघे मशीन वापरतात, एकाच्या मशीनचा ‘ळ’ मोडलाय आणि तो पेनाने भरतो. मला तर कागद हातात घेताच कळतं की हा अर्ज कुणी टाइप केला, रंपोलने जीव ओवाळून टाकला असता. पट्टेवाला तीनदा नाव पुकारतो, तिसऱ्यांदा सूर असा लावतो की चहाच्या टपरीवरची माणसं धावत येतात. परवा एका आजींना विचारलं, ‘तुम्ही आरोपीला ओळखता का?’ त्या म्हणाल्या, ‘ओळखते म्हणजे काय, याचा पाचवीचा टाक मी पुजलाय.’ साहेबांनी चश्मा काढून पुसला. आरोपीने मान खाली घातली. उलटतपास घ्यायचा होता मला, मी एकच प्रश्न विचारून बसलो.

हे सगळं कुणीतरी लिहायला हवं, आणि लिहिणाऱ्याला त्या आजींबद्दल माया हवी.

खडीसाखर

काका, तुम्हीच लिहा! पाचवीचा टाक वाचून अंगावर काटा आला. ‘ळ’ मोडलेलं मशीन हे तर रहस्यकथेचं पहिलं पान झालं.

थेम्सकाठ

अनुमोदन. आणि लिओ मॅकर्न यांचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? १९७५ मध्ये बीबीसीवर एक स्वतंत्र नाटक म्हणून रंपोल आधी पडद्यावर आला, पुस्तकं नंतर. पुढे थेम्स टेलिव्हिजनवर १९७८ ते १९९२ मालिका. मॅकर्न मूळचे ऑस्ट्रेलियन, लहान वयात एक डोळा गेलेला, तिथे काचेचा. साक्षीदाराकडे ते मान किंचित वळवून बघतात तेव्हा समोरचा खोटं बोलूच शकत नाही असं वाटतं. आधी पाहिलात तर वाचताना त्यांचाच आवाज येतो. माझ्या मते आधी वाचा.

पानगळ

मी पाद्र्याची गोष्ट वाचली. काल तारीख होती. यावेळी पेपरऐवजी पुस्तक नेलं आणि त्याच व्हरांड्यात बसून वाचलं. हसू आलं का? दोनदा आलं. जास्त काय झालं तर, शेवटच्या पानापर्यंत येताना तो माणूस गप्प का आहे हे मला आधीच समजलं होतं, आणि तो गप्प राहावा असंही वाटत होतं, आणि कुणीतरी त्याच्यासाठी बोलावं असंही वाटत होतं. बाबांची आठवण आली. ते साक्षीला उभे राहिले तेव्हा चुलत्यांच्या विरुद्ध जे बोलायला हवं होतं ते बोलले नव्हते. आमच्या वकिलांनी तेव्हा डोक्याला हात लावला होता.

पुढची तारीख पंधरा सप्टेंबर. आणखी एक गोष्ट सुचवून ठेवा.

सांजवात

पानगळ, टिमसनांच्या पोराची पहिली गोष्ट घ्या. तुमच्या मुलीलाही वाचून दाखवता येईल.

खडीसाखर, आई आता काठी घेऊन अंगणापर्यंत जाते. रात्री अजून दुखतं. काळाकोट काकांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला, पाचवीच्या टाकाला ती बराच वेळ ‘अगं बाई’ म्हणत राहिली. मग म्हणाली, तू दवाखान्यात त्या आजींना सांगायचीस तसं मलाही सांग. म्हणून काल पाद्र्याची गोष्ट काढली. वाचत जायचं आणि मराठीत सांगत जायचं. पाद्री वकिलाकडे आला, शर्टांचं विचारलं की विनोद सांगतो, असं तिसऱ्या पानापर्यंत आले.

आईने डोळे मिटूनच विचारलं, ‘बरोबर कोण आलंय त्याच्या?’

म्हटलं, ‘बहीण.’

‘मोठी की धाकटी?’

‘ते अजून आलं नाही.’

‘वाच पुढे,’ आई म्हणाली. ‘तो काही बोलायचा नाही.’